ऑगस्टाचा मुक्काम

फेअरबँक्स, २४ सप्टेंबर १९८६

लेस्टर,

पोचले. विमानात शेजारी कोंबड्यांचा खोका होता. तुझ्यापेक्षा कमी बडबडल्या. जोआननं तिच्या घरातली खालची खोली दिलीय. खिडकीतून दुसऱ्याचं गॅरेज दिसतं. मंगळवारी खुबा कापणार. डॉक्टर पोरगेला आहे. "काय तरुणी, घाबरलात का?" म्हणाला. म्हटलं, बाळा, मी अठ्ठ्याहत्तरची आहे, आधी चष्मा बदल आणि मग सुरी हातात घे. जोआन, माझी पोटची पोरगी, शरमेनं भिंतीकडे बघायला लागली.

आता कामाचं. ऑगस्टाला दर रविवारी खायला घालायचं. एक कप पीठ, एक कप कोमट पाणी. लाकडी चमच्यानं ढवळायचं. बरणी स्टोव्हमागच्या फळीवर ठेव, पण स्टोव्हला चिकटवून नको. वर नुसतं फडकं. घट्ट झाकलंस तर गुदमरेल. पॅनकेक करायचे झाले तर अर्धी काढ, अर्धी राहू दे, आणि काढलीस तितकी भर घाल. माझ्या आजीनं हे आंबवण १८९८ साली कोटाच्या आत बांधून खिंडीतून आणलं. तिचंच नाव त्याला दिलंय. अठ्ठ्याऐंशी वर्षांत ऑगस्टा एकदाही मेली नाही. तुझ्याकडे ती फक्त हिवाळाभर आहे.

कुणाला चमचाभरही द्यायची नाही. एफी मागेल. ती १९५१ पासून मागतेय.

तुझी आई माझी चुलतबहीण, म्हणून विश्वास टाकते. तुझ्याकडे बघून नव्हे.

हिल्मा

*

टिनकप बेंड, ३ ऑक्टोबर

हिल्मामावशी आणि तिचा नवा खुबा,

उभयतांना नमस्कार. खुब्यानं वाकायची तसदी घेऊ नये.

वैमानिक काठावर शिट्ट्या मारतो आहे, तेव्हा थोडक्यात लिहितो. नदीच्या कडेला बर्फाची साय धरली आहे. पाण्यावर उतरणारं हे शेवटचं विमान. आता नदी पुरती गोठून विमानाला बर्फावर घसरायच्या स्की-पट्ट्या लागेपर्यंत, म्हणजे निदान सहा आठवडे, आपल्या गावाचा आणि उर्वरित मनुष्यजातीचा संबंध संपला. उर्वरित मनुष्यजातीनं याबद्दल अद्याप तक्रार केलेली नाही.

ऑगस्टाची प्रकृती उत्तम. रविवारी जेवली, सोमवारी फुगली, मंगळवारी ढेकर दिली. अशी दिनचर्या मला लाभती तर मीही अठ्ठ्याऐंशी वर्षं टिकलो असतो.

दुसरी वार्ता. शाळा बंद झाल्यापासून रिकामा वेळ मला खातो आहे, म्हणून मी एक विद्या हाती घेतली आहे. याच विमानानं अँकरेजहून घरी बिअर करायचा संच आला. काकवीसारख्या दाट माल्टच्या अर्काचे दोन डबे (हॉपच्या फुलांचा कडूपणा त्यातच घातलेला आहे), पोस्टाच्या तिकिटाहून जेमतेम मोठी यीस्टची एक पुडी, झाकणाची बादली, नळी, बाटल्यांची बुचं, आणि तीन पानांची पोथी. अर्क गरम पाण्यात विरघळवावा, निववावा, यीस्ट शिंपडावं आणि चमत्काराची वाट पाहावी, असा एकूण विधी दिसतो. डब्यावर लिहिलं आहे : थंड जागी ठेवावा. लिहिणाऱ्याचा थंडीशी परिचय नसावा.

निश्चिंत राहा.

लेस्टर

*

टिनकप बेंड, १९ नोव्हेंबर

हिल्मामावशी,

आज स्कीवालं पहिलं विमान उतरलं. तुझं पत्र त्यात नाही; पण तू मौन पाळलंस असं कोण म्हणेल? संध्याकाळी सहाला रेडिओवर रानातल्या बिनटेलिफोनच्या लोकांसाठी निरोप वाचतात. ती सोय बाळंतपणं आणि मयतं कळवण्यासाठी आहे, असा माझा आजवर समज होता. "टिनकप बेंडच्या लेस्टरला : खुबा बसला. पीठ चाळून घाल. हिल्मा." "टिनकप बेंडच्या लेस्टरला : आज रविवार आहे. हिल्मा." मावशी, हे तेवीस माणसांचं गाव आहे आणि तेवीसही जणांकडे रेडिओ आहे. आता मी दिसलो की गस आपल्या सापळ्यांवरून मान वर न करता विचारतो, "मास्तर, आज वार कोणता?" मला उत्तर पाठवायची सोय नव्हती. तुझ्याशी वाद घालताना मला ही अडचण नेहमीच येते.

बिअरची हकीकत तुझ्याच एका निरोपाशी निगडित आहे. सव्वीस ऑक्टोबरला मी अर्क विरघळवला. निववायला बादली बाहेर बर्फात ठेवली. इथं प्रत्येक घरात रस्सा, जेली, तापलेली डोकी, सगळं असंच निववतात. दहा मिनिटांत अंगाला सोसेल इतकं झालं, यीस्ट शिंपडलं, झाकण लावलं, आणि बादली आत घेणार इतक्यात सहा वाजले. "टिनकप बेंडच्या लेस्टरला : एफीला दिलीस ना? खरं सांग. हिल्मा."

एफी माझ्याच स्वयंपाकघरात होती. कॉफीचा कप हातात होता, तो तिनं खाली ठेवला. "पस्तीस वर्षं," ती म्हणाली, "पस्तीस वर्षं मी त्या म्हातारीकडे चमचाभर पीठ मागतेय, आणि ती मला रेडिओवरून चोर म्हणते?" आणि गेली. समजूत घालायला मी मागोमाग गेलो. समजूत मूस हरणाच्या रश्श्यापाशी पोचली, तिथून पत्त्यांपाशी, आणि मी घरी पोचलो तेव्हा दुसऱ्या दिवशीचे नऊ वाजले होते. शून्याखाली छत्तीस. बादलीत पाच गॅलन बिअरचा एकच एक खडा. यीस्टनं आत समाधी घेतली होती.

खडा वितळवला. तीन दिवस वाट पाहिली. बुडबुडा नाही, हुंकार नाही. गावात यीस्टची पुडी उरली नव्हती आणि विमान तीन आठवडे यायचं नव्हतं. तेव्हा मी योग्य तो उपाय केला. चौथ्या दिवशी बादली बोलू लागली. पाचव्या दिवशी झाकण उडवून छताशी बोलली. अठ्ठेचाळीस बाटल्या भरल्या आहेत.

ऑगस्टा ठणठणीत आहे. जुनी बरणी तिला अपुरीच पडत होती. तूर्त ऐसपैस जागेत आहे. तिचा उत्साह पाहून सगळं गाव थक्क झालं आहे.

लेस्टर

*

फेअरबँक्स, ४ डिसेंबर

लेस्टर,

ऐसपैस जागा म्हणजे कुठली? दुसऱ्या बरणीत घातलीस का? कुणी सांगितलं होतं?

खुबा डॉक्टरच्या मते झकास. मला रोज चालवतात. दारापासून टपालपेटीपर्यंत जायचं आणि परत यायचं. टपालपेटीत माझं काही नसतं.

आता ऐक, मस्करी नाही ही. जोआनला माझं घर विकायचंय. अँकरेजचा कुणी दातांचा डॉक्टर आहे, त्याला मूसच्या शिकारीसाठी हवंय. वर्षातले दहा दिवस येणार आणि माझ्या स्टोव्हवर मोजे वाळवणार. मला इथं तळमजल्यावरची खोली कायमची. मी म्हटलं, नाही, तिथं ऑगस्टा आहे, तिचं कोण करणार? जोआन म्हणाली, "आई, लेस्टरनं ते केव्हाच मारलं असेल." मी म्हटलं, जिवंत आहे. म्हणाली, "मग दाखव. जिवंत असेल तर मी त्या डॉक्टरला नाही म्हणून कळवते." जोआन शब्दाची पक्की आहे, तेवढं माझ्यावर गेलंय.

तेव्हा चमचाभर ऑगस्टा कागदावर पातळ पसर, वाळव, चुरून पाकिटात घालून पाठव. इथं पाणी-पीठ घातलं की जागी होईल. बाकी माझं डोकं चालतं, तोंड चालतं, पण त्यांचं कोण ऐकतं इथं? तुझ्या त्या पाकिटावर सगळं आहे.

हिल्मा

*

टिनकप बेंड, १८ डिसेंबर

हिल्मामावशी,

पत्र पावलं. मजकूर मनावर घेतला. ऑगस्टा वाळवायची तर हवा कोरडी लागते आणि इथली हवा सध्या किंचित दमट आहे. घाई केल्यास तिच्या प्रकृतीला अपाय संभवतो.

दरम्यान इथं मोठी धामधूम उडाली. बाटल्यांमध्ये जरूरीपेक्षा अधिक चैतन्य उरलं होतं. मंगळवारी दुपारी पहिली फुटली. मग रांगेनं अकरा. गस बंदूक घेऊन धावत आला, त्याला वाटलं मी अस्वलाशी झुंजतो आहे. खाटेखाली पडून मी त्याला वस्तुस्थिती समजावली. बाहेर ठेवाव्यात तर गोठून फुटणार, आत ठेवाव्यात तर आंबून फुटणार. बाटली रिकामी करण्याला सर्वांत सुरक्षित जागा पोट, असा गावसभेत ठराव झाला.

मिशनचे पाद्री तुझं पत्र आलं त्याच विमानानं नाताळच्या फेरीला आलेले. त्यांना दारू वर्ज्य. त्यांनी बिअरचा पेला हुंगला, माल्ट हे धान्य आहे ना विचारलं, त्यात काय आंबवलं ते विचारलं, आणि म्हणाले, "मग ही भाकरीच आहे. पातळ झालीय इतकंच." तीन भाकरी खाल्ल्या. प्रवचन गेल्या कित्येक वर्षांतलं सर्वोत्तम झालं, आणि सर्वांत आखूड.

चव विचारशील तर आंबट, गढूळ आणि तुझ्यासारखी : पहिल्या घोटाला माणूस दचकतो, मग जागचा उठत नाही.

हवा सुधारताच पाठवतो.

लेस्टर

*

फेअरबँक्स, ५ जानेवारी १९८७

लेस्टर,

शून्याखाली चाळीसमध्ये दमट हवा. तू पोरांना भूगोल शिकवायचास ना? मग ती बोट घेऊन वाळवंटात गेली असतील.

पाकीट येत नाही. जोआन नुसती बघते. ते फार वाईट. दातवाला कागद घेऊन एक मार्चला सही घ्यायला येणार. मी टपालपेटीपर्यंत जाणंही सोडलंय. चालायचं ते कुठं जायला?

मेली असेल तर तसं लिही. मी रडणार नाही. पण मग मी सही करते, इतकंच.

हिल्मा

*

टिनकप बेंड, २२ जानेवारी

हिल्मामावशी,

सोबत पाकीट. ऑगस्टाच आहे, शपथेवर. रंग किंचित सावळा वाटेल, हिवाळ्याचा परिणाम. पहिले दोन दिवस रुसून बसली तर धीर धर. पाणी कोमट, पीठ चाळून. आज वार कोणता हे मी विचारत नाही.

अक्षराबद्दल क्षमस्व. डाव्या हातानं लिहितो आहे. उजव्याच्या दोन बोटांची टोकं स्टोव्हवर भाजली.

सही करू नकोस.

लेस्टर

*

फेअरबँक्स, ९ फेब्रुवारी

लेस्टर,

दोन दिवस मढ्यासारखी पडली होती. जोआन येता-जाता भांड्यात डोकावायची आणि मोठ्या दयेनं माझ्याकडे बघायची. तिसऱ्या दिवशी सकाळी ऑगस्टा भांड्याबाहेर येऊन ओट्यावर बसली होती. मी इतक्या जोरात ओरडले की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

मग वास घेतला. लेस्टर, ऑगस्टाला गुत्त्याचा वास येतोय. पॅनकेक केले तर कडसर. जावई म्हणाला, आजवरचे सर्वांत छान. त्याला काय कळतंय. मी पोटात पासष्ट वर्षं ती चव घेऊन हिंडतेय. ही ऑगस्टाच आहे, पण बाहेर कुठं तरी राहून आलीय.

जोआननं शब्द पाळला. माझ्यासमोर दातवाल्याला फोन लावला आणि नाही म्हणाली. मग माझ्याशेजारी बसली. "आई, जिवंत आहे. मी चुकले. पण आता ती इथं आहे ना? मग तिकडे तुझं काय राहिलंय?" आवाज चढवून बोलली असती तर मी उत्तर दिलं असतं. हळू बोलली. मी ऑगस्टावरचं फडकं नीट करत बसले. तूच सांग, तिला काय सांगू?

आणि स्टोव्हनं भाजलं तर तळवा भाजतो. नुसती बोटांची टोकं कोण भाजून घेतं? काय केलंस ते खरं लिही. अलंकार नकोत.

हिल्मा

*

टिनकप बेंड, २३ फेब्रुवारी

हिल्मामावशी,

अलंकार काढून ठेवले आहेत. उघडं वाटतं आहे, पण लिहितो.

यीस्ट मेलं तेव्हा मी ऑगस्टाला बादलीत घातलं. आधी दोन चमचे. काही होईना. मग अर्धी. मग पोथीत वाचलं की यीस्ट कमी पडलं तर सगळं नासतं, आणि बरणी खरवडून पालथी केली. वरचा फेस काढून पुन्हा बरणीत घालू असा विचार होता. फेस आला तो छताला गेला, आणि उरला तो गसच्या कुत्र्यानं चाटला. कुत्रं दोन दिवस गात होतं. म्हणजे सव्वीस ऑक्टोबरच्या आठवड्यापासून ऑगस्टा बरणीत नव्हतीच. ती बाटल्यांत होती, आणि मी तुला ऐसपैस जागेच्या गोष्टी सांगत होतो.

तुझं डिसेंबरचं पत्र आलं तेव्हा बाटल्या उरल्या होत्या. तळाशी जो गाळ बसतो त्यात ती असणार, हे मला पाद्री तिसरी भाकरी खात असताना सुचलं. तोवर पाहुणे गाळासकट पेले धुऊन प्यायले होते. एफीच्या बरणीतलं तिचं स्वतःचं आंबवण पाठवून द्यावं, असंही मनात आलं. एफीनं दिलंही असतं, आणि मग ते आमरण ऐकवलं असतं. पण तू पहिल्या हुंगण्यात ओळखशील हे मला ठाऊक होतं.

एकच बाटली शिल्लक होती. ती गसनं आपल्या सापळ्यांच्या वाटेवरच्या झोपडीत नेली होती, अठरा मैलांवर. तुझं पाच तारखेचं पत्र वाचलं आणि निघालो. गसनं ती बाटली वाढदिवसासाठी ठेवली होती. म्हणाला, "मास्तर, माणूस बिअर आणायला शहरात जातो. सापळेवाल्याच्या तोंडची काढायला कोण येतं?" तुझी चिठ्ठी दाखवली. त्यानं ती दोनदा वाचली, बाटली काढली, वरची बिअर मोठ्या निष्ठेनं पिऊन टाकली आणि गाळ तसाच ठेवून बूच लावून दिलं. परतताना बर्फावरच्या माझ्या स्नोमशीन गाडीनं घरापासून तीन मैलांवर मान टाकली. शून्याखाली सेहेचाळीस. बाटली सदऱ्याच्या आत घालून चालत आलो. गोठली तर नाही ना हे पाहायला दर थोड्या वेळानं हातमोजा काढत होतो. माझ्यासारख्या शिकल्या-सवरल्या माणसाला त्या हातमोज्याचं प्रयोजन समजायला हवं होतं. दोन बोटांची टोकं गेली. फळ्यावर लिहायचं आता काही उरलेलं नाही, तेव्हा नुकसान किरकोळ.

जोआनच्या प्रश्नाचं उत्तर मलाही सुचलेलं नाही. मी ऑगस्टा वाचवली आणि तुझं परत यायचं कारण टपालानं तुझ्या हाती दिलं. या जोडकामाला माझ्याइतकं शिक्षण लागतं. एफी म्हणते की हिल्मा नाही तर या गावात भांडायला कुणी लायकीचं नाही, संध्याकाळी सहाचा रेडिओ आता नुसती मयतं सांगतो, आणि तुझ्या धुरांड्यातून धूर निघत नाही ते बघवत नाही. हे मी एफीच्या नावावर लिहितो आहे. तिनं असं म्हटलेलं नाही.

लेस्टर

*

फेअरबँक्स, १६ मार्च

लेस्टर,

गाढवा.

हे पत्र तीनदा सुरू केलं, दर वेळी एवढंच लिहून राग आला आणि उठून चालायला लागले. पहिल्या दिवशी टपालपेटीपर्यंत. मग कोपऱ्यापर्यंत. परवा दुकानापर्यंत जाऊन आले, एका हातात काठी, तोंडात तुझं नाव. डॉक्टर म्हणतो, तरुणी, हे कसं जमवलंत? म्हटलं, माझा एक भाचा आहे.

आजीनं आणलेलं जे आम्ही अठ्ठ्याऐंशी वर्षं जपलं ते कुत्र्यानं चाटलं. हे मी विसरणार नाही, आणि तुला रोज समोर बसवून आठवण करून देणार आहे. पत्रातून ते नीट होत नाही.

सव्वीस तारखेच्या, गुरुवारच्या विमानानं येतेय. अजून नदीवरचा बर्फ विमान पेलेल. स्लेजवर माझी हातांची खुर्ची बांधून ठेव, उताणी नको, समोर बघणारी. गसला म्हणावं, वाढदिवसाला केक मी करते. स्टोव्ह दोन दिवस आधी पेटव. पॅनकेकसाठी चमचाभर आंबवण मी एफीकडून मागून घेईन. हसू नकोस. मी काय म्हणायचं ते पाठ करतेय, अजून तोंडातून निघत नाही.

ऑगस्टा इथंच राहील. ठरवलं नव्हतं. काल रविवार होता आणि मी मुद्दामच अंथरुणातून उठले नाही, डोकं दुखतंय म्हटलं. सकाळी जोआन चर्चला जायचे कपडे घालून स्वयंपाकघरात आली. मी दाराच्या फटीतून बघत होते. तिनं घड्याळ बघितलं, नवऱ्याला म्हणाली, "तू हो पुढं." मग पिशवीतून चाळणी काढली. नवी कोरी, दुकानाची चिठ्ठी तशीच लटकत होती. भांड्यावरचं फडकं उचललं आणि आत बघून म्हणाली, "हो गं, कळलं, भूक लागलीय. थांब जरा."

मी हळूच दार लावलं आणि बॅग भरायला घेतली.

हिल्मा